रविवारचा कचरा

परवा आमच्या अकोल्याच्या कॉलनीतले पोट्टे माझ्याकडे आले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट, हातात रबरी मोजे, आणि एकाच्या मोज्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून निघालेली नव्हती. म्हणाले, "आजी, रविवारी आपण कॉलनी साफ करणार आहोत, नारळ तुम्ही फोडायचा." मी म्हटलं, बाबांनो, कचरा उचलायला नारळ कशाला लागतो? तर म्हणे, उद्घाटन. माझे गुडघे दुखतात असं सांगून मी सुटका करून घेतली आणि रविवारी खिडकीतून पाहत बसले. पाऊण तास काम, त्यातला अर्धा तास फोटो, मग नाश्ता. नाश्त्याच्या बश्या नि पाण्याच्या बाटल्या नालीच्या काठावर तशाच राहिल्या, त्या सोमवारी घंटागाडीवरच्या बाईनं उचलल्या. मला राग आला नाही. जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं. असल्या सफाईत मी वाढले आहे, आणि या पोरांच्या ढोंगापेक्षा कितीतरी वरच्या प्रतीचं ढोंग मी अमरावतीच्या आमच्या घरात लहानपणीच पाहिलेलं आहे.

माझे वडील वकील. गाव त्यांना नानासाहेब म्हणायचं, आम्ही बाबा. कायदा ते पुण्याला शिकले आणि येताना तिथून काळा कोट नि 'अगं, इकडे ये जरा' अशी नाजूक भाषा घेऊन आले. आई परतवाड्याची. ती शेवटपर्यंत 'मले-तुले' बोलली, बाबांच्या पुणेरीला तिनं कधी भीक घातली नाही. त्या दिवसांत श्रमदान हा शब्द नवा होता आणि नव्या जावयासारखा त्याचा थाट होता. जो तो श्रमदान करायचा, निदान करतो असं सांगायचा. बाबांना पालिकेची निवडणूक लढवायची होती, तिकीट हवं होतं, आणि तिकिटाला श्रमदानाचा टेकू लागतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी गल्लीतली सात-आठ प्रतिष्ठित माणसं गोळा करून 'प्रभात सफाई मंडळ' काढलं. मंडळात घाटेमास्तर होते, शिट्टी त्यांच्याकडे. दिगंबरभट होते, मारुतीच्या देवळाचे पुजारी. बाकीचे असेच, पोट सुटलेले आणि टोपीला कडक इस्त्री असलेले. रविवारी सकाळी सात वाजता शिट्टी वाजायची आणि ही पांढरी पलटण झाडू खांद्यावर घेऊन आमच्या दारापुढे उभी राहायची.

पहिल्याच रविवारी पंचाईत झाली. पलटण उभी, आणि उचलायला काही नाही. रामप्यारी नावाची पालिकेची झाडूवाली दिवस उजाडायच्या आत आमची गल्ली लख्ख करून जायची. ते या लोकांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी ते कधी उठलेलेच नसायचे. घाटेमास्तरांनी शिट्टी खिशात घातली, मंडळ आमच्या ओसरीवर बसलं, खल झाला. रामप्यारीला रविवारी येऊ नको म्हणावं तर खरीच घाण उचलावी लागेल, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. बोललं कुणी नाही. शेवटी ठरलं ते असं, की प्रत्येक घरानं आठवडाभराचा चांगला कचरा एका टोपलीत साठवायचा, आणि रविवारी रामप्यारी झाडून गेली की सात वाजायच्या आत तो गल्लीत पसरायचा. चांगला म्हणजे संत्र्याची वाळलेली सालं, कोरे कागद, झाडाचा पाला. उष्ट्या पत्रावळी नकोत, केस नकोत, चिंध्या तर नकोतच, कुणाच्या अंगावरच्या असतील कुणास ठाऊक. आईनं चुलीपुढून हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाप्पा! यायले तं कचऱ्याचीही पत्रिका पाहा लागते."

संत्र्याला तोटा नव्हता. बाबांचे एक अशील वरूडचे बागाईतदार, हंगामात त्यांच्याकडून करंड्याच्या करंड्या यायच्या. आम्ही संत्री खायचो आणि सालं सोवळ्यातल्या पापडासारखी उन्हात वाळवायचो. आमच्या घराचा कचरा पसरायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची, मुलींच्या शाळेत नववीला. रविवारी तांबडं फुटताना टोपली कमरेवर घेऊन निघायची, देवळापासून घाटेमास्तरांच्या घरापर्यंत बेताबेतानं सालं टाकत जायची. फार दाट नको, फार विरळ नको, आणि बाबांच्या कंबरेला त्रास होतो म्हणून त्यांच्या वाटच्या तुकड्यात जरा कमी. मुलीनं टाकायचं, बापानं उचलायचं आणि गावानं वाहवा म्हणायची. यात मला काही वावगं वाटत नव्हतं, हे आता लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही.

मला मैत्रीण अशी एकच होती, विमल. शाळेत ती माझ्या शेजारी बसायची. मला गणित येत नसे, तिला गणिताशिवाय दुसरं काही सुचत नसे. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. तिचे वडील सखारामजी कापसाच्या जिनात हमाली करायचे. आदल्या साली ती सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि आल्या आल्या त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडून दिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ते काम त्यांच्याच गळ्यात होतं. गावात कुणाचंही जनावर मेलं की एक निरोप गेला की झालं. ते बंद झालं तेव्हा आमच्या ओसरीवर फार चर्चा झाली. "माजले," असं दिगंबरभट म्हणाले. बाबा पुणेरीत म्हणाले, "संक्रमणाचा काळ आहे."

एका रविवारी मी सालं टाकत असताना विमल नळावर पाणी भरायला चालली होती. कमरेवर घागर तशीच धरून ती थांबली.

"काय करून राह्यली वं?"

"कचरा टाकून राहिले."

"काहून?"

"बाबांना सात वाजता उचलायचा आहे."

तिनं घागर खाली ठेवली आणि देवळाच्या पायरीवर बसून इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू आलं. मी तिला म्हटलं, चल, तूही टाक थोडी. तशी ती एकदम उठली. "नाही बाप्पा. मी टाकला तं मलेच उचला लावतीन." घागर उचलून ती गेली. पुढं कितीतरी दिवस वर्गात ती मला हळूच विचारायची, "काय वं, या हप्त्यात किती कचरा जमला?" आणि आम्ही दोघी वहीमागं तोंड लपवून हसायचो. तिच्यासारखं पोट धरून हसणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

मी तिच्या घरी पुष्कळदा जायची, गणितासाठी. एकच मोठी खोली, सारवलेली, भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि भांडी अशी घासलेली की आमच्या घरच्या बाईनं लाजावं. तिची आई दर वेळी विचारायची, "चहा मांडू का, बाई?" आणि दर वेळी मी म्हणायची, "मी चहा पीत नाही." घरी मी दिवसातून तीनदा प्यायची. विमलला ते माहीत होतं. आमच्या परसात ती यायची तेव्हा माझ्या हातात कप असायचाच, आणि तिला आई उकडपेंडी द्यायची ती पानावर, विहिरीच्या काठाशी. पुढच्या खेपेला तिची आई पुन्हा विचारायची आणि विमल माझ्याकडं पाहत थांबायची. मी नाही म्हटलं की ती वही उघडायची.

मंडळाचं श्रमदान साधारण अर्धा तास चाले. मग सगळे आमच्या मागच्या दारानं परसात येत. रस्त्यावरच्या कचऱ्याला हात लागलेला, म्हणजे आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. स्वतःच्या घरात उन्हात वाळवलेली सालं हो! पण रस्त्यावर पडली की बाटली. आईनं पहाटेपासून बंब पेटवून ठेवलेला असायचा. ती आणि मी मिळून आठ पुरुषांना पुरेल इतकं पाणी ओढायचो. आंघोळी झाल्या की पंगत. उकडपेंडी, वर कच्चं तेल, भाजलेल्या मिरच्या, दही, मग चहा. जेवताना मंडळी देशाच्या अस्वच्छतेबद्दल बोलायची. उठून गेल्यावर परसात चिखल, भिजलेली धोतरं, पत्रावळी, द्रोण, मिरच्यांचे देठ. आमच्या घरचा उकिरडा रविवारी दुप्पट व्हायचा. तो आई आणि मी काढायचो, त्याला श्रमदान म्हणत नसत.

असं चालू असताना नागपूरहून एक पुढारी मंडळाचं काम पाहायला येणार असं कळलं. तिकीट त्यांच्याच हातात. बाबा आठवडाभर आरशापुढं भाषण म्हणत होते. दोन नवे झाडू आणले, फोटोवाला सांगितला, आणि आईला सांगितलं, या वेळी पुरणपोळी. मला दोन टोपल्या सालं मिळाली. रविवारी रामप्यारी झाडून गेली, मी सगळी गल्ली मन लावून सजवली, आणि घरी येऊन तोंड धुतेय तोच घाटेमास्तर शिट्टी न वाजवता धावत आले.

देवळासमोर वासरू पडलं होतं. मेलेलं, पोट फुगलेलं, डोळ्यांवर माश्या. दिगंबरभटांच्या गाईचं. ते रात्री गेलं, आणि भटजींनी सकाळी गड्याकडून पायाला दोर बांधवून गोठ्यातून गल्लीत आणून टाकलं. गडी कडब्याच्या गाडीवर निघून गेला. भटजी आंघोळ करून पूजेला बसले. आजवर त्यांच्या बापानं, आज्यानं असंच केलं होतं: जनावर दारापुढं आणून टाकायचं, बाकी नेणारे येतात. नेणाऱ्यांनी ते काम सोडल्याला वर्ष झालं, या माणसानं त्यावर ओसरीत बसून तासभर तोंडसुख घेतलं होतं, पण वासरू मेलं तेव्हा त्याच्या डोक्यात ते आलंच नाही. सवयच तशी.

मंडळ वासराभोवती गोल उभं राहिलं. सगळ्यांच्या हातात झाडू. रामप्यारी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, ती गेलेली. पाहुणे आठला येणार. मी सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव असतात हे दिगंबरभट आम्हाला दर पोळ्याला सांगायचे. आता ते नाकाला उपरणं लावून चार हात लांब उभे होते. दोर पायाला बांधलेलाच होता. दोघांनी धरून ओढलं असतं तर दहा मिनिटांचं काम. मंडळाचं नावच सफाई मंडळ. पण एकाचाही हात पुढं झाला नाही, आणि आपला हात पुढं होत नाही याची एकालाही लाज वाटली नाही. मी आयुष्यात पुष्कळ भित्री माणसं पाहिली. इतकी इस्त्री केलेली एका जागी पाहिली नाहीत.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "अगं, ती तुझी मैत्रीण आहे ना, पलीकडची? तिच्या वडिलांना बोलावून आण. म्हणावं, नानासाहेबांनी खास विनंती केली आहे. धोतरजोडी देऊ." विमल माझी मैत्रीण आहे हे बाबांना माहीत आहे, हेच मला त्या दिवशी कळलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. ती दीक्षा, ते सोडलेलं काम, सगळं मला ठाऊक होतं; वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो ते कधी ठेवत नसत. मी गेले.

सखारामजी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून दारात बसले होते. विमल वेणी घालत होती. मला पाहून उठली, म्हणाली, "आज रविवारचं गणित?" तिच्या आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, "चहा मांडू का, बाई?"

मी म्हटलं, "हो."

आता इतक्या वर्षांनी त्या 'हो'चं काय करावं मला समजत नाही. तोंडून आपोआप गेलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. कुणाकडं काम घेऊन गेलं की आधी त्यांचं पाणी घ्यावं, माणूस मऊ होतो, हे मी बाबांच्या अशिलांकडं पाहून शिकले होते. विमलच्या आईनं एकदम वळून लेकीकडं पाहिलं, आणि विमल अशी हसली की तिची वेणी हातातून सुटली. तिनं स्वतः फळीवरची कपबशी काढली, एकच होती, फुलांची, ती पुसली. चहा गोड होता, दुधाचा. मी अर्धा प्याले. विमल माझ्यासमोर उकिडवी बसून माझं तोंड पाहत होती.

मग मी निरोप सांगितला. दिगंबरभटांचं वासरू, नागपूरचे पाहुणे, खास विनंती, धोतरजोडी. सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

चुलीपुढची फुंकणी थांबली. सखारामजी अगदी हळू म्हणाले, "बाई, तू लहान हायस, तुह्यावर राग नाही. तुह्या बाबाले सांगजो, आमी ते काम सोडलं. अन् सफाईचं मंडळ तं तुमच्याच गल्लीत हाय ना?"

मी कपाकडं पाहत होते. विमलनं हात पुढं केला आणि तो कप माझ्या हातातून काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "म्हून चहा पेली का वं?"

मी पळत सुटले. गल्लीत बाबा वाट पाहत होते. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "घरी कोणी नाही." सखारामजींचा निरोप त्या आठ माणसांच्या तोंडावर सांगायची संधी मला मिळाली होती, आणि मी ती गिळली. मंडळाला मी नावं ठेवते खरी, पण त्या सकाळी मंडळाची सगळ्यात लायक सभासद मीच होते.

पाहुण्यांचं काही अडलं नाही. वासरावर दोन गोणपाटं टाकली, वर घाटेमास्तरांच्या बागेतला पाला टाकला, आणि पाहुण्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आणलं. फोटो निघाला. तो अजून माझ्या पेटीत आहे: बाबा वाकून संत्र्याचं साल उचलताहेत, पाहुणे कौतुकानं पाहताहेत, आणि मागं डाव्या हाताला पाल्याचा एक ढीग आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना तो ढीग मंडळानं गोळा केलेला कचरा वाटतो. बाबांना तिकीट मिळालं, आणि ते पडले, तेही चांगल्या फरकानं. तेवढं समाधान गावानं आम्हाला दिलं.

पुरणपोळ्या खाऊन मंडळी पांगली. दुपारी वास घरात येऊ लागला, कावळे जमले. आईनं पदर खोचला, मला म्हणाली, "चाल." आम्ही दोघींनी दोर धरला आणि वासरू गल्लीबाहेरच्या पडीक वावरापर्यंत ओढत नेलं. खिडक्या उघडल्या आणि बंद झाल्या. मध्येच दम खायला थांबलो तेव्हा आईनं विचारलं, "सखारामजी घरी होते ना?"

मी मान हलवली.

"काय म्हणले?"

मी सांगितलं. आई म्हणाली, "बरं म्हणले." थोड्या वेळानं म्हणाली, "अन् तू काहून गेली? बापाले नाही म्हणता येत नव्हतं?" मी म्हटलं, तू तरी कधी म्हणालीस? आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा दोर ओढायला लागली. घरी आल्यावर बाबा मागच्या दारातूनच म्हणाले, "अगं, आधी आंघोळ करा दोघी." आई म्हणाली, "बंब थंडा झाला. तुमच्या मंडळाले सांगा पाणी ओढाले." आणि तशीच चुलीपाशी जाऊन तिनं रात्रीची भाकर थापायला घेतली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या रविवारी बंब पेटला नाही, आणि आंघोळीवाचून मंडळ दोन आठवड्यांत मेलं.

सोमवारी शाळेत विमल मागच्या बाकावर जाऊन बसली. मी गणिताची वही घेऊन तिच्याकडं गेले, तर तिनं उदाहरण सोडवून दिलं, पायरी न पायरी, नीट. वर पाहिलं नाही. या हप्त्यात किती कचरा जमला, असं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

महिन्याभरानं मी एकदा मन घट्ट करून तिच्या घरी गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, वाक्यं पाठ केली होती. आणि मुख्य म्हणजे, चहा विचारला की हो म्हणायचं, पूर्ण प्यायचा, दुसरा मागून घ्यायचा, असं ठरवलं होतं. विमल घरात नव्हती. तिची आई दारात ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि उभी राहिली. ती याआधी माझ्यासाठी कधी उभी राहिली नव्हती.

"काय काम काढलं, बाई?"

मी म्हटलं, "काही नाही. सहज आले."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं पाहत राहिली, खरं काम काय ते मी आता सांगेन म्हणून. मग ती खाली बसली आणि तिनं सूप उचललं. मी बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी होते. चूल पेटलेली होती, वर भांड्यात काहीतरी उकळत होतं, पण चहाचं तिनं विचारलं नाही.